बोअरचे जड पाणी : यंत्र विकत घेण्यापूर्वी

धाराशिव जिल्ह्यातील ज्या कुटुंबांना वर्षातील बराच काळ विंधनविहिरीच्या पाण्यावर गुजराण करावी लागते, त्यांच्याकडून येणाऱ्या विचारणांत एक गोंधळ सातत्याने आढळतो. पाण्यात तुरटी फिरविली, ते दुहेरी फडक्याने गाळले, टीसीएल पावडर टाकली, चुलीवर खळखळून उकळलेही. आणि इतके करूनही साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, भांड्याच्या बुडाशी बसणारा पांढरा साका चुकत नाही. मग कोणीतरी एखादे महागडे यंत्र सुचवितो, हप्ते बांधले जातात, आणि सहा महिन्यांनी असे ध्यानात येते की ज्या दोषासाठी यंत्र आणले तो दोष त्या पाण्यात नव्हताच, किंवा असला तरी तो काढण्याचे सामर्थ्य त्या यंत्रात नव्हते.

वर सांगितलेल्या उपायांपैकी एकही उपाय स्वतः खोटा नाही. परंतु प्रत्येक उपाय पाण्यातील एका विशिष्ट प्रकारच्या द्रव्यावरच चालतो, आणि तो चालेल की नाही हे ते द्रव्य पाण्याशी कोणत्या रीतीने बांधले गेले आहे यावर ठरते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी आपल्या पाण्यात काय आहे आणि ते कसे धरून ठेवलेले आहे, एवढे दोन प्रश्न आपण सोडवावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पाण्यात काय असते आणि ते कसे धरलेले असते

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणू इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने जोडलेले असतात. मात्र या भागीदारीत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढून घेतो, त्यामुळे रेणूच्या एका अंगास किंचित ऋणभार व दुसऱ्या अंगास किंचित धनभार येतो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात ते या भारांमुळेच. त्या धरणुकीला हायड्रोजन बंध म्हणतात, आणि तीच नसती तर हायड्रोजन सल्फाइड हा पाण्याचा सजातीय जसा उणे ६० अंशांवरच उकळून वायुरूप होतो, तसेच पाणीही आपल्या हवेत द्रवरूपाने टिकले नसते.

क्षारांची गोष्ट निराळी. मिठात सोडियमचा धनभारित आणि क्लोरिनचा ऋणभारित असे कण एकमेकांना इतक्या बळाने आकर्षून असतात की ते वितळविण्यास ८०१ अंश उष्णता लागते. परंतु तेच मीठ पाण्यात टाकले असता पाण्याचे रेणू आपापली योग्य बाजू पुढे करून प्रत्येक भारित कणाभोवती कडे करतात आणि त्याला मुळच्या जोडीदारापासून तोडून आपल्यात सामावून घेतात. असा सामावलेला कण गाळण्याच्या फडक्याच्या, किंबहुना चिनी मातीच्या मेणबत्तीच्याही छिद्रांतून पाण्याबरोबर निर्वेधपणे पार जातो.

आपला जिल्हा जवळजवळ सर्वस्वी बेसाल्टच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्या पाषाणाच्या घटकांत कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर असते. मातीतून झिरपताना पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते, खडक हळूहळू झिजविते, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट आपल्याबरोबर भूगर्भात नेते. काळ्या रानात नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे याच व्यवहाराचे अवशेष होत.

आता निर्णयापुरता एकच भेद ध्यानी धरावा. बायकार्बोनेटवर एकपट भार असतो, म्हणून कॅल्शियमच्या सान्निध्यातही ते विरघळलेले राहते. पाणी तापविले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते. कार्बोनेटवर दुप्पट भार, कॅल्शियमवरही दुप्पट भार. या दोघांचे परस्पराकर्षण पाण्याच्या धरणुकीहून प्रबळ ठरते व ते घन होऊन खाली बसते. हाच तो साका, आणि उकळल्याने जाणारे हे अस्थायी काठिण्य. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सल्फेट व क्लोराइड मात्र उकळल्याने वेगळे होत नाहीत. ते स्थायी काठिण्य.

घरच्या घरी पहिली परीक्षा

या परीक्षेसाठी अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाची वडी घ्यावी, धुण्याची पावडर घेऊ नये. कारण पावडरीतील प्रक्षालक द्रव्याचे कॅल्शियमशी बनणारे संयुग पाण्यात बरेचसे विरघळते आणि परीक्षाच फसते.

१. तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचे पाणी, दुसरीत तेच पाणी दहा मिनिटे उकळून, निववून, वरचे निवळ तेवढे ओतून, आणि तिसरीत पावसाचे धरलेले पाणी अर्ध्यापर्यंत भरा.
२. साबणाच्या सारख्या वजनाच्या कात्र्या तिन्हींत टाकून तितक्याच वेळा हलवा.
३. पहिलीत दह्यासारखा चोथा आणि दुसरीत बरा फेस आला, तर काठिण्य मुख्यतः अस्थायी आहे. दोहोंतही चोथाच आला, तर स्थायी काठिण्य बरेच आहे, असे समजावे.

चोथा का धरतो, हे जाणून घेण्याजोगे आहे. साबणाच्या रेणूचे लांब शेपूट तेलाशी सख्य करणारे आणि डोके पाण्याशी सख्य करणारे असते. या दुहेरी स्वभावामुळेच तो मळ सोडवितो. कॅल्शियमचा एक कण साबणाची दोन डोकी एकदम पकडतो, त्यांचे पाण्याशी असलेले सख्य संपते आणि साबण निरुपयोगी होऊन तरंगू लागतो. म्हणजे जड पाण्यात आपण आधी साबणाच्या खर्चाने कॅल्शियम काढतो, आणि उरलेल्या साबणाने कपडे धुतो. डाळीचेही कारण यासारखेच आहे: दाण्याच्या पेशीभित्तिकांतील पेक्टिन कॅल्शियमने परस्परांशी सांधले जाते व दाणा मऊ होण्यास विरोध करतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याचा प्रघात आहे, परंतु त्याने डाळीतील ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. त्यापेक्षा उकळून निवळलेल्या किंवा पावसाच्या साठविलेल्या पाण्यात डाळ शिजवावी.

नमुना घेणे व तपासणीस देणे

साबणाची परीक्षा फ्लोराइड, नायट्रेट अथवा रोगजंतू यांविषयी काहीच सांगत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. जलजीवन मिशनखाली अशा प्रयोगशाळा सामान्य नागरिकांच्या नमुन्यांसाठीही माफक शुल्कात खुल्या करण्यात आल्या आहेत. गावात क्षेत्रीय तपासणी संच आणि तो वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या महिला असतील तर प्राथमिक चाचणी तेथेच होऊ शकते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे त्याची चौकशी करावी.

मोटार पाच-दहा मिनिटे चालू ठेवून नळीतील शिळे पाणी जाऊ द्यावे, एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे, आणि तारीख, गाव व विहिरीची खूण चिठ्ठीवर लिहावी. शीतपेयाची वास येणारी बाटली चालत नाही. जंतुपरीक्षेसाठी मात्र घरची बाटली मुळीच वापरू नये. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच मागून घ्यावी आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवावा. मे महिन्यात एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा अशी वर्षातून दोनदा तपासणी करणे हितावह, कारण पाण्याची पातळी खाली गेली की क्षारांचे प्रमाण बहुधा चढते.

अहवाल कसा वाचावा

भारतीय मानक १०५०० मध्ये बहुतेक घटकांसाठी दोन मर्यादा दिलेल्या आहेत: पहिली इष्ट, आणि दुसरी अन्य उद्गम उपलब्ध नसेल तरच चालवून घ्यावयाची. सर्व आकडे दर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत.

- एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस: ५००, कमाल २,०००
- एकूण काठिण्य: २००, कमाल ६००
- क्लोराइड: २५०; कमाल १,०००
- फ्लोराइड: १.०, कमाल १.५
- नायट्रेट: ४५; यात सवलत नाही

शेवटच्या दोन ओळी आपण सर्वांत आधी वाचाव्यात. काठिण्यामुळे गैरसोय होते, खर्च वाढतो, केस राठ होतात; पण फ्लोराइडने दात व हाडे कायमची बिघडतात आणि नायट्रेट सहा महिन्यांच्या आतील अर्भकाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते. तान्ह्या मुलास पावडरीचे दूध देणाऱ्या मातेने हे विशेष ध्यानात ठेवावे की उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट वाढते: ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले एक लिटर पाणी आटून पाऊण लिटर राहिले, तर प्रमाण ६० होते. वाफ होऊन जातो तो पाण्याचा रेणू. भारित कण मागेच राहतात.

कोणता उपाय कशावर चालतो

तुरटी गढूळपणावर चालते. मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असल्यामुळे एकमेकांस दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतील तिप्पट धनभाराचे ॲल्युमिनियम तो भार निष्प्रभ करते व कण गोळा होऊन बसतात. विरघळलेल्या क्षारांना तिची बाधा होत नाही, म्हणून बोअरच्या निवळ पाण्यात तुरटी फिरविणे व्यर्थ आहे. फ्लोराइड काढण्यासाठी चुना व तुरटी मोजून वापरण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सिद्ध केली आहे खरी; परंतु ती अंदाजाने करावयाची नव्हे.

टीसीएल पावडर केवळ जंतूंसाठी. ती टाकावीच, पण तिच्याकडून काठिण्य कमी होण्याची अपेक्षा ठेवू नये.

धुण्याचा सोडा स्थायी व अस्थायी दोन्ही काठिण्यांवर चालतो, कारण तो कार्बोनेट पुरवून कॅल्शियमला घन करून बसवितो. काठिण्य ३०० च्या आसपास असेल तर १५ लिटरच्या बादलीस सुमारे ५ ग्रॅम कोरडा सोडा टाकून, ढवळून, तासभर स्थिर ठेवावे. हे पाणी धुण्याचेच. पिण्यास किंवा स्वयंपाकास वर्ज्य.

सॉफ्टनर म्हणून मिळणाऱ्या यंत्रातील राळेचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात व त्याबदली सोडियम सोडतात. साका थांबतो, साबण फेसाळतो. परंतु टीडीएस कमी होत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाने हे पाणी पिण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि यंत्र धुतल्यावर निघणारे खारे पाणी परसातल्या झाडांना कदापि घालू नये.

आरओ हे वरील सर्व भारित कण अडविणारे, फ्लोराइड-नायट्रेटवरही उपयोगी पडणारे साधन आहे; मात्र घरगुती यंत्र एका लिटरमागे सामान्यतः दोन-तीन लिटर पाणी सोडून देते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे हा हिशेब क्षुल्लक नाही. टीडीएस ५०० च्या खाली असेल तेथे अशा यंत्रांना मनाई करावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली दिले होते, त्यामागील विचार हाच. घेणारच असाल तर ते पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्यापुरते वापरा आणि सोडलेले पाणी फरशी पुसण्यास व शौचालयास लावा.

नळीला बांधावयाची चुंबके कोणताही क्षार पाण्यातून काढून घेत नाहीत. त्यांच्या गुणांविषयी जे सांगितले जाते त्याला भरवशाचा आधार नाही. हा खर्च टाळावा.

आणि सर्वांत स्वस्त उपाय छपरावर आहे. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडते, आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या सरींचे पाणी सोडून देऊन पुढचे झाकलेल्या टाकीत धरले, तर डाळीचा आणि साबणाचा प्रश्न निदान काही महिने मिटतो. पिण्यास वापरावयाचे झाल्यास निर्जंतुकीकरण आवश्यक.

तपकिरी गाळाचे प्रात्यक्षिक

या ठिकाणी आम्हांला जरा सविस्तर लिहिणे कर्तव्य वाटते, कारण पुष्कळ घरांतील निर्णय पाच मिनिटांच्या या एका देखाव्यावर होतो. विक्रेता दोन पेले मांडतो. एकात आपले पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सुरू करतो. मिनिटा-दोन मिनिटांत आपल्या पेल्यात हिरवट, मग तपकिरी, मग काळपट लगदा दाटू लागतो. त्याचा पेला मात्र स्वच्छ राहतो. ‘हेच आपण मुलांना पाजता’, असे तो म्हणतो, आणि गृहिणीच्या चेहऱ्यावर भय उमटते.

तो लगदा पाण्यातला नसतो, कांडीतला असतो. कांड्यांपैकी लोखंडाची कांडी विजेच्या प्रवाहाने झिजते, तिचे लोह पाण्यात उतरते व त्याचा गंजाच्या जातीचा लगदा बनतो. वीज वाहण्यास भारित कण लागतात. आपल्या पाण्यात ते आहेत म्हणून कांडी झिजली, आरओच्या पाण्यात ते फारसे नाहीत म्हणून ती झिजली नाही. विक्रेत्याच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग पुन्हा करावयास सांगावे; तेथेही लगदा दाटेल.

टीडीएस मीटरविषयीही अशीच सावधगिरी हवी. ते उपकरण क्षार तोलत नाही, पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच पाहते व त्यावरून अंदाज दाखविते. आरओच्या पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून पाहावे. आकडा जवळजवळ हलत नाही, कारण साखरेचे रेणू विरघळतात पण भारित कणांत फुटत नाहीत. कीटकनाशके व रोगजंतू याही बाबतीत ते मुके आहे. आकडा कमी म्हणून पाणी निर्धोक, हा निष्कर्ष म्हणूनच मान्य करता येत नाही.

साका काढताना

गिझरची कांडी, किटली, नळाची जाळी यांवरचा साका लिंबूसत्त्वाने निघतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून वस्तू तासभर बुडवावी. बुडबुडे येणे थांबले की धुऊन टाकावी. विजेची जोडणी आधी काढणे हे सांगावयास नको. पाणी ६० अंशांपुढे तापविले की साका झपाट्याने धरतो, म्हणून गिझर ५५ च्या आसपास ठेवणे बरे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. शौचालयाचे ॲसिड व टीसीएल पावडर एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. दुसरे असे की आपल्याकडील घरांतून सर्रास आढळणारी शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. साक्यावर जे ॲसिड चालते ते फरशीवरही चालते आणि तिचा पृष्ठभाग खाऊन टाकते.

मळ्यातले पाणी

द्राक्षबागेत किंवा भाजीपाल्याच्या ठिबकात तोट्या बुजतात त्या बहुधा याच कार्बोनेटने. आम्लप्रक्रिया करताना नेहमी पाण्यात आम्ल हळूहळू ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. चष्मा व हातमोजे वापरावेत, आणि पाण्याचा सामू ४ च्या आसपास आणण्यास किती आम्ल लागते ते आधी एका बादलीत मोजून पाहावे, कारण बायकार्बोनेट जितके अधिक तितके आम्ल अधिक लागते. कॅल्शियम नायट्रेट व फॉस्फेट किंवा सल्फेट असलेली खते एका टाकीत मिसळू नयेत. दोन दुप्पट-तिप्पट भारांचे कण भेटले की टाकीतच गाळ होतो, आणि खताचा पैसा तोट्यांत अडकतो.

सॉफ्टनरचे पाणी रानाला देऊ नये. काळ्या मातीचे कण कॅल्शियममुळे परस्परांना धरून भुसभुशीत राहतात. सोडियम वाढले की ती धरणूक सुटते, माती चोपण होते आणि पाणी मुरेनासे होते. घरात ज्या कॅल्शियमचा आपण तिरस्कार करतो ते शेताला हवे असते.

आपले हक्क

नळयोजनेचे पाणी ग्रामपंचायत देत असेल, तर त्याच्या तपासणीचे अहवाल पाहण्याचा आपणांस अधिकार आहे. उद्गमाच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते; आपल्या गावाचे कार्ड कोणते, हा प्रश्न ग्रामसभेत विचारावा व इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. तोंडी मागणीस दाद मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, त्यानंतर प्रथम अपील करता येते. अर्जाची पोच घेतल्यावाचून दप्तरातून उठू नये.

यंत्राच्या विक्रीत खोटे दावे झाले असतील, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क पडत नाही, आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावरही दाद मागता येईल. या सर्वांसाठी तीन कागद जपून ठेवावे लागतात: पक्की पावती, विक्रेत्याने यंत्राच्या गुणांविषयी दिलेले लेखी पत्रक, आणि यंत्र बसविण्यापूर्वीचा व नंतरचा प्रयोगशाळेचा अहवाल. विक्रेता लेखी देण्यास तयार नसेल, तर सौदा त्याच क्षणी थांबवावा.